फोटो ते मजकूर: जुन्या पुस्तकाची घरगुती कृती

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या घरांत जुनी पुस्तकं असतात ती बहुधा लोखंडी पेटीत, नाहीतर देवघरावरच्या फळीवर. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजांवरचं एखादं पुस्तक, गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनांच्या पुस्तिका, गावच्या शाळेची स्मरणिका, झाडीपट्टीत गाजलेल्या नाटकाची उरलेली एकच छापील प्रत. ओल, वाळवी आणि कसर यांच्या तावडीतून जे सुटलं, ते आता वयानेच तुटायला लागलं आहे. अशा पुस्तकाचे नुसते फोटो काढून ठेवले तरी ते वाचतं. पण फोटोत शब्द शोधता येत नाही, त्यातला उतारा उचलता येत नाही आणि पुस्तक नव्याने छापताही येत नाही. त्यासाठी फोटोचा मजकूर करावा लागतो. फोन, साधा संगणक आणि फुकट मिळणारी सॉफ्टवेअर एवढ्यावर ते घरी जमतं.

वेळेचा हिशेब आधीच सांगून ठेवतो. २०० पानांच्या पुस्तकाचे फोटो दोन-तीन तासांत निघतात. संगणक ती पानं तासाभरात वाचून टाकतो. पण त्याने वाचलेलं तपासायला पानामागे १०-१२ मिनिटं धरा, म्हणजे ३५-४० तास होतात. सगळं काम या तपासणीत आहे. फोटो काढून हुरूप संपला, असं होऊ देऊ नका.

साहित्य

- १२ मेगापिक्सेल किंवा त्याहून चांगला कॅमेरा असलेला फोन
- फोन आडवा धरून ठेवणारा स्टँड (नसेल तर विटांच्या दोन थप्प्या आणि मध्ये भोक पाडलेली फळी)
- पुस्तकाच्या पानापेक्षा थोडी मोठी, कडा घासून घेतलेली ४-५ मिलिमीटरची काच
- काळा कार्डशीट कागद, मऊ ब्रश, सुती कापड
- जाड पुठ्ठा आणि चिकटपट्टी
- सारखेच दोन टेबललॅम्प, किंवा चांगला उजेड असलेली सपरी
- संगणक, पेनड्राइव्ह आणि एक वही

१. काम आधीच झालंय का ते बघा

एका संध्याकाळच्या शोधाने महिन्याची मेहनत वाचू शकते. भारत सरकारच्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात स्कॅन झालेली हजारो मराठी पुस्तकं आता इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा ‘ग्रंथसंजीवनी’ संग्रह आहे. मराठी विकिस्रोतावर तर बरीच पुस्तकं मजकुराच्या रूपातच मिळतात. शोधताना नाव देवनागरीत टाका आणि रोमन लिपीतही दोन-तीन प्रकारे टाकून पाहा, कारण जुन्या याद्यांमध्ये नावं कशीही लिहिलेली आहेत. स्कॅन मिळाला तर पायरी ५ पासून सुरुवात करा.

पुस्तक १९९० नंतरचं असेल तर आधी छापखान्यात विचारा. त्या काळात मजकूर श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएममध्ये जुळवलेला असे. ती फाइल कुणाच्या सीडीवर सापडली, तर फाँटचं युनिकोड करून देणाऱ्या परिवर्तकातून ती काढता येते आणि फोटोची गरजच उरत नाही.

२. हक्क तपासा

भारताच्या १९५७च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. लेखक दोन असतील तर जो शेवटी गेला त्याच्यापासून मोजायचं. निनावी पुस्तक आणि सरकारी प्रकाशन यांची ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात. प्रस्तावना, भाषांतर आणि चित्रं यांचे हक्क वेगळे असतात, तेही बघा.

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निधन १९६८चं. म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२८च्या ३१ डिसेंबरपर्यंत आहे. स्वतःच्या वाचनासाठी किंवा अभ्यासासाठी घरातल्या प्रतीचा मजकूर करायला कायदा वाव देतो. चारचौघांत वाटायचा असेल, तर हक्क संपलेला हवा किंवा वारसांची लेखी परवानगी हवी. गावच्या स्मरणिकेबाबत ती काढणाऱ्या मंडळाचं साधं सहीचं पत्र घेऊन ठेवलं तरी पुढची भांडणं टळतात.

३. पुस्तक तयार करा

हंगाम निवडा. मृगापासून दसऱ्यापर्यंत आपल्याकडची हवा इतकी दमट असते की पानं एकमेकांना चिकटतात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर गेला की जुना कागद पापडासारखा मोडतो. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. हवा कोरडी असते आणि उजेड दिवसभर एकसारखा राहतो.

पुस्तक पेटीतून काढलं की लगेच उघडू नका. एक-दोन दिवस सावलीत, वाऱ्याला उभं ठेवा. उन्हात टाकू नका. मऊ ब्रशने धूळ शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे झाडा. वाळवीची माती ओल्या फडक्याने पुसली तर तिथे कायमचा डाग पडतो, म्हणून ती वाळू द्यायची आणि मग झटकायची. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊन निघतो. तुकडे जागेवर जुळवून काचेखाली दाबले की फोटोपुरतं काम भागतं.

मग वहीत नोंद करा: नाव, लेखक, मुद्रक, साल, आवृत्ती, एकूण पानं, कोणती पानं नाहीत, कोणती उलटसुलट शिवली आहेत. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, जाहिरातीची पानं, शुद्धिपत्र हे सगळं मोजणीत धरा. जुन्या पुस्तकाचा छापखाना कोणत्या पेठेत होता आणि किंमत किती आणे होती, हे पुष्कळदा शेवटच्या पानावरच सापडतं.

४. फोटो काढा

पुस्तक पूर्ण सपाट उघडायचा हट्ट धरू नका, शिवण सुटते. जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे चिकटपट्टीने जोडून काटकोनापेक्षा थोडं जास्त उघडणारं ठाण करा. त्यात पुस्तक ठेवलं की एक पान आडवं राहतं आणि दुसरं टेकून उभं राहतं. आधी सगळी उजवी पानं ओळीने काढा, मग पुस्तक फिरवून सगळी डावी. दर पानाला पुस्तक हलवावं लागत नाही आणि अंतरही एकसारखं राहतं.

पानावर काच ठेवा म्हणजे गोलाई जाते. दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे लावा. वरून लावले तर काचेत चकाकतात. फोनचा फ्लॅश बंद ठेवा. पातळ कागदातून मागची छपाई दिसत असेल, तर पानामागे काळा कार्डशीट सरकवा. पांढऱ्या कागदाने ती अधिकच उठून दिसते.

किती बारकाई हवी? इंचाला ३०० ठिपके मिळाले की संगणक नीट वाचतो. डेमी आकाराचं पान साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांचं असतं. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा, म्हणजे एका पानाने चौकट भरली तर इंचाला ४५०च्या वर ठिपके मिळतात. दोन पानं एकत्र घेतली तरी ३५०च्या आसपास पडतात. अट एकच, पान चौकटभर असलं पाहिजे. भोवती टेबल, चहाचा कप आणि मांजर दिसत असेल तर ठिपके त्यांच्यावर खर्च होतात.

बटण दाबताना फोन हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा किंवा इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने फोटो घ्या. दर २० पानांनी थांबून शेवटचा फोटो मोठा करून बघा. अनुस्वाराचा ठिपका वेगळा दिसतोय का, एवढं पाहिलं तरी पुरे. तो धूसर असेल तर पुढचं सगळंच फुकट.

सगळे फोटो झाले की संख्या वहीतल्या मोजणीशी ताडा. फाइलींना तीन आकडी क्रमांक द्या (001, 002) आणि त्या नावांत इंग्रजी अंक वापरा. मूळ फोटोंची एक प्रत पेनड्राइव्हवर टाकून बाजूला ठेवा. तिच्यावर पुढे काहीही करायचं नाही.

५. पानं सरळ करा

‘स्कॅनटेलर’ हे फुकट सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे. ते क्रमाने सहा गोष्टी करतं: पान उभं करणं, जोडपान तोडणं, तिरपेपणा काढणं, मजकुराची चौकट आखणं, समास देणं आणि स्वच्छ फाइल तयार करणं. प्रत्येक टप्प्यावर ते आपला अंदाज दाखवतं. मान्य नसेल तर माउसने ओढून बदला.

सावध राहायचं ते डाग पुसण्याच्या सोयीपाशी. ती जोरात ठेवली तर धुळीच्या ठिपक्यांबरोबर अनुस्वारही पुसले जातात. देवनागरीसाठी ती सगळ्यांत सौम्य ठेवा किंवा बंदच करा. कागद फार तपकिरी असेल तर काळं-पांढरं करण्याऐवजी करड्या छटेत फाइल काढा.

६. संगणकाकडून वाचून घ्या

चित्रातली अक्षरं ओळखण्याला ओसीआर म्हणतात. दोन रस्ते सोपे आहेत.

नेट चांगलं असेल तर पानाचं चित्र गूगल ड्राइव्हवर चढवा आणि ते ‘गूगल डॉक्स’मध्ये उघडा. चित्राखाली मजकूर येतो. छपाई स्वच्छ असेल तर मराठी बऱ्यापैकी येतं. एका वेळी थोडीच पानं द्या.

नेटचा भरवसा नसेल तर ‘टेसरॅक्ट’ घ्या. एचपी कंपनीत सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर २००५मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, आणि त्याला मराठी येतं. ‘जीइमेजरीडर’ नावाच्या खिडकीतून ते माउसने चालवता येतं. भाषांच्या यादीतून मराठी एकदा उतरवून घेतली की पुढे नेट लागत नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, वीज आणि नेटवर्क यांचाही भरवसा राहत नाही. अशा ठिकाणी हाच रस्ता कामाचा. सिरोंच्याकडच्या पुस्तकात मध्येच तेलुगू मजकूर असेल, तर मराठीबरोबर तेलुगूही निवडा. संस्कृत श्लोक असतील तर संस्कृत जोडा.

आधी वेगवेगळ्या भागांतली पाच पानं दोन्ही रस्त्यांनी काढून बघा. ज्यात चुका कमी, तो घ्या. ओळीला चार-पाचपेक्षा जास्त चुका दोन्हीकडे येत असतील, तर ते पुस्तक सरळ टाइप करणं स्वस्त पडतं. फोनला बोलून टाइप करणंही जमतं, पण प्रमाण मराठीतल्या गद्यापुरतं.

७. ओळीशी ओळ लावून तपासा

पडद्यावर डावीकडे पानाचं चित्र, उजवीकडे मजकूर. समजा, पानावर असं छापलंय:

“भामरागडाच्या घाटांत वाघ फार, म्हणून वाटसरू सांजेच्या आंत मुक्काम गांठीत.”

संगणकाने असं वाचलं:

“मामरागडाच्या धाटांत बाघ फार, म्हणून बाटसरू सांजेच्या आत मुक्काम गाठीत.”

चुका सहा आहेत. ‘भ’चा ‘म’, ‘घ’चा ‘ध’ आणि दोनदा ‘व’चा ‘ब’ या चार कुणालाही दिसतील. ‘आंत’ आणि ‘गांठीत’ यांवरचे गेलेले अनुस्वार मात्र चुका वाटतच नाहीत, कारण आज आपण तसंच लिहितो. चांगला वाचक नेमका इथेच फसतो. पान न बघता नुसता मजकूर वाचत गेलं की डोळा आपल्या सवयीचं वाचतो.

खिळ्यांच्या छपाईत हमखास येणाऱ्या चुका अशा:

- जोड्या: घ-ध, भ-म, ब-व, थ-य, ष-प. ‘घार’ आणि ‘धार’, ‘भरण’ आणि ‘मरण’, ‘वन’ आणि ‘बन’ हे सगळेच खरे शब्द, त्यामुळे शब्द तपासणारं सॉफ्टवेअर इथे गप्प बसतं.
- ख: जुन्या खिळ्यातला ‘ख’ सुटा पडलेला असतो, संगणक त्याचे ‘रव’ करतो. पण एका फटक्यात सगळे ‘रव’ बदलू नका, नाहीतर ‘गौरव’चा ‘गौख’ आणि ‘करवत’ची ‘कखत’ होईल. एकेक बघून बदला.
- ऱ्य आणि ऱ्ह: ‘डोंगरदऱ्या’चं ‘डोंगरदर्या’ होतं आणि दरीऐवजी समुद्र येतो. टाइप करताना ऱ, मग हलन्त, मग य असा क्रम हवा.
- दंड आणि विसर्ग: ओवीच्या शेवटच्या दंडाचा १ होतो किंवा काना होतो. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम येतो.
- आकडे: १-९ आणि ५-८ यांची गल्लत होते. कोष्टकात बेरीज दिली असेल तर ती करून बघा. जमली की त्या रकान्याची खात्री झाली.

एका वेळी १० पानांपेक्षा जास्त तपासू नका, पुढे डोळा ओळी सोडायला लागतो. पहिली तपासणी झाली की दुसऱ्या माणसाकडून दुसरी करून घ्या. घरात कुणी असेल तर एकाने छापील पान मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून ऐकावं. विकिस्रोतावरही याच शिस्तीने काम चालतं. एकाने तपासलेलं पान पिवळं, दुसऱ्याने पडताळलेलं हिरवं.

८. हे बदलू नका

तपासणाऱ्याचं काम पानावर आहे ते उतरवणं. सुधारणं हे संपादकाचं काम, ते नंतर आणि वेगळ्या फाइलमध्ये.

जुनं शुद्धलेखन तसंच ठेवा. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२चे. त्याआधीच्या पुस्तकात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असंच असणार. काही पुस्तकांत इ, उ, ए यांच्या जागी ‘अि, अु, अे’ दिसतील. ती सावरकरांनी सुचवलेली अ-ची बाराखडी आहे, ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती चालवली होती. संगणक ती मोडतो, आपण हाताने पुन्हा बसवायची.

जुनी नावंही तशीच ठेवा. पुस्तकात ‘चांदा जिल्हा’ असेल तर चंद्रपूर करू नका. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ला वेगळा झाला. त्याआधीच्या पुस्तकात सिरोंचा आणि अहेरी चांद्यातच असणार. गावांच्या नावांची एक यादी वहीत करत चला, म्हणजे भांदक, वैरागड, मार्कंडा, माणिकगड ही नावं प्रत्येक पानावर छापल्याप्रमाणे आली का ते शोधून बघता येतं.

आणि झाडीबोली, म्हणजे झाडीपट्टीची बोली. तिच्यात ण, ळ, श, ष, छ हे उच्चार नाहीत. डोळ्याला ‘डोरा’ म्हणतात, पाण्याला ‘पानी’. दंडारीच्या किंवा नाटकाच्या पुस्तकात पात्रांच्या तोंडी असे शब्द छापलेले असतात. ओसीआर आणि फोनचा कीबोर्ड दोघेही त्यांना ‘शुद्ध’ करायला टपलेले. म्हणून आपोआप दुरुस्तीची सोय कामाच्या आधी बंद करा. बोलीतला मजकूर फोनला बोलूनही टाइप करू नका, फोन तो प्रमाण मराठीत लिहून मोकळा होतो. गोंडी किंवा माडिया शब्द आले तर अक्षर अन् अक्षर पान बघून टाका आणि ती भाषा बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. वडसा-ब्रह्मपुरीकडच्या एखाद्या नटाला झाडीबोलीचा मजकूर दाखवला, तर तुमची चूक कुठली आणि छापखान्याची कुठली, तो चटकन सांगेल.

मुद्रणदोष उघड असला तरी जागेवर ठेवा आणि चौकटी कंसात आपला शब्द द्या. शुद्धिपत्र असेल तर तेही टाइप करा. जे वाचताच येत नाही तिथे अंदाज न टाकता [अवाच्य] लिहा.

९. जपून ठेवा

प्रत्येक पानाच्या सुरुवातीला [पान ४७] अशी खूण असू द्या, नाहीतर उद्या कुणाला संदर्भ देता येणार नाही. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडा, परिच्छेद मुळाप्रमाणे ठेवा, कवितेच्या ओळी मोडू नका. ‘अॅ’सारखं अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. दिसतं सारखं, पण शोधताना सापडत नाही. एक प्रकार ठरवा आणि सगळीकडे तोच ठेवा.

शेवटी तीन गोष्टी हातात हव्यात: युनिकोडमधली साधी मजकूर फाइल, पानांच्या चित्रांची पीडीएफ आणि वहीतली नोंद टाइप करून केलेली माहितीची फाइल. साधी मजकूर फाइल पुढच्या कुठल्याही संगणकावर उघडेल. तिच्यातून ई-बुकही होतं आणि छापायची प्रतही. तिन्हींच्या तीन प्रती करा: एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे किंवा गूगल ड्राइव्हवर. हक्क संपला असेल तर चित्रं आणि मजकूर विकिस्रोतावर द्या. एक प्रत गावच्या वाचनालयाला आणि एक गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाला देण्यासाठी विचारून बघा.

मजकूर झाला म्हणून मूळ पुस्तक रद्दीत घालू नका. कुणी कधी शंका काढली तर निवाडा त्या कागदावरच होणार आहे. सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा, आणि दर दिवाळीत एकदा उघडून बघा. पहिल्यांदा करणार असाल तर ४०-५० पानांची पुस्तिका निवडा. ती पुरी झाल्याशिवाय मोठ्या ग्रंथाला हात घालू नका.